सत्यमचं ‘मी’

वैजापूर,
८ नोव्हेंबर २०२४

चि. सोनिया,
आशीर्वाद.

दिवाळी करून तू परत गेलीस, लेकराला घेऊन नीट पोचलीस, हे गोकुळच्या फोनवरून कळलं. मी तो फोन कानाला लावत नाय हे तुला ठाऊक आहे. आमचा सोमनाथ गेला ही बातमी मला त्या यंत्रानंच दिली. दोन वर्षं झाली, तरी ते वाजलं की मी उठून ओट्यावर जातो. म्हणून हा कागद. शिवाय फोनवर तुझा न् माझा शब्दाला शब्द लागतो आणि मग तुझी सासू उपाशी झोपते.

मुद्द्याचं लिहितो. पाडव्याला ओट्यावर भावकी बसली होती. सत्यम आतून पळत आला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "आजोबा, मी आले. मी लाडू खाते." लोक हसले. सांडूआप्पा म्हणाला, "तात्यासाहेब, सोमनाथला पोरगी झाली होती का?" तू आत होतीस, तू ऐकलं नसशील. मी ऐकलं. वर बघवलं नाय मला.

पोरगं चार वर्षांचं व्हायला आलं. घरात तू, दिवसभर सांभाळायला ती शेजारची सारजाबाई, अंगणवाडीत पण बाईच. बायकांत राहून पोरगं बायकी व्हायला लागलंय. यात तुझा दोष आहे असं मी म्हणत नाय. तू कंपनीत जातेस, कष्ट करतेस, सगळं दिसतं. पण सोमनाथची एवढीच खूण राहिली आहे. ते पोरगं पुरुषांत वाढलं पाहिजे. गोकुळला गाडी घेऊन पाठवतो. कपडे भरून ठेव. इथं शाळा आहे, दूध आहे, चुलता आहे. तू सुट्टीला येत जा.

उत्तराची वाट बघतो.

तात्यासाहेब


बजाजनगर, छत्रपती संभाजीनगर,
१७ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप तात्यांना सोनियाचा नमस्कार.

गोकुळभाऊजींना पाठवू नका. सत्यम येणार नाही. हे आधीच लिहिते, म्हणजे पुढचं पत्र तुम्हाला शांतपणे वाचता येईल.

‘बायकी’ हा शब्द मला आवडला नाही. ज्या घरात तुमच्या मुलानं संसार केला त्या घरात हा शब्द कुणी शिवीसारखा वापरला नव्हता.

आता त्याच्या बोलण्याचं. तो चुकतो असं तुम्हाला वाटतं, कारण तुम्ही त्याचं एकच वाक्य ऐकलंत. मी सकाळ-संध्याकाळ ऐकते. त्याला ‘काका आला’ आणि ‘आजी आली’ यातला फरक बरोबर समजतो. कुत्रा भुंकतो, गाय हंबरते, यात तो कधी चुकत नाही. घोळ फक्त ‘मी’चा आहे. का ते बघा. मी त्याला विचारते, "सत्यम, तू येतो का?" आणि स्वतःबद्दल सांगताना म्हणते, "मी येते." सारजामावशी तसंच बोलतात. अंगणवाडीच्या मॅडम तसंच. तेव्हा त्यानं आपल्या मनाशी ठरवलंय की ‘येतो’ हे ‘तू’चं आणि ‘येते’ हे ‘मी’चं. म्हणून तो सारजामावशींनासुद्धा विचारतो, "मावशी, तू येतो का?" मावशी हसत हसत जातात. मुलगा की मुलगी हा प्रश्नच त्याच्या डोक्यात नाही. त्यानं नियम काढला आणि तो इमानानं पाळतोय.

त्याच्यासमोर ‘मी’ म्हणून ‘येतो’ म्हणणारा एक माणूस या घरात होता. तो भिंतीवर फोटोत आहे, आणि फोटो बोलत नाही.

आणखी एक सांगते. दिवाळीत तो म्हणाला, "आजी, मी रांगोळी करलं." तेव्हा तुम्हीच त्याला उचलून घेतलं होतं. ‘करलं’ त्याला कुणी शिकवलं? मी ‘केलं’ म्हणते, तुम्ही ‘केलं’ म्हणता. जगात कुणी ‘करलं’ म्हणत नाही. त्यानं ‘धर’चं ‘धरलं’ ऐकलं, ‘भर’चं ‘भरलं’ ऐकलं, आणि ‘कर’चं स्वतः बनवलं. ‘देलं’ म्हणतो, ‘आजी जाली’ म्हणतो. त्या चुकीवर तुम्हाला माया येते आणि या चुकीची लाज वाटते. लेकराच्या डोक्यातलं काम मात्र एकच आहे. कुणी न शिकवता तो ‘करलं’ सोडेल, तसा ‘आले’ही सोडेल. मी त्याला टोकणार नाही आणि कुणाला टोकू देणार नाही.

सासूबाईंना सांगा, चकल्या अजून पुरतायत.

सोनिया


वैजापूर,
१ डिसेंबर २०२४

चि. सोनिया,
आशीर्वाद.

पत्र वाचलं. इतकं व्याकरण तुला कंपनीत शिकवतात का? तू तिथं गाडीचे पार्ट तपासतेस असं मला माहीत होतं.

आमच्या वेळेला पोरं चुकली की थोबाडीत बसायची आणि पुन्हा चुकायची नायत. रोप वाकडं जायला लागलं की काठीला बांधावं लागतं. मोठं झाल्यावर बांधायला गेलं तर मोडतं. तू म्हणतेस आपोआप सुटेल. नाय सुटलं तर? शाळेत पोरं त्याला चिडवतील तेव्हा तू कंपनीत असशील. त्याला कुणी हसलेलं मला खपत नाय. सोमनाथला कुणी कधी हसलं नाय.

भावकीत लोक विचारतात, नातू कुठं वाढतोय. मी काय सांगू? सून ऐकत नाय असं सांगू? तुझी सासू त्याचा झोपाळा पुसून ठेवते रोज. महिनाभर तरी पाठव. हुरड्याचे दिवस आहेत. हक्क वगैरे शब्द मला तुझ्यापुढं वापरायचे नाहीत. पण तो आहे, एवढं ध्यानात ठेव.

तात्यासाहेब


बजाजनगर,
२० डिसेंबर २०२४

तीर्थरूप तात्यांना नमस्कार.

घाईत लिहिते. सारजामावशी नळापाशी घसरून पडल्या, मनगट मोडलं, प्लास्टर घातलंय. अंगणवाडी दुपारीच सुटते आणि माझी शिफ्ट संध्याकाळी. वर्षाअखेरीस रजा देत नाहीत. माझी आई पाचोडला आजारी वडिलांना सोडून येऊ शकत नाही. म्हणून, दुसरा मार्ग नाही म्हणून, सत्यमला गोकुळभाऊजींबरोबर पाठवते आहे. मावशींचा हात बरा होईपर्यंत. हे पत्र त्याच्या पिशवीतच ठेवलंय.

तुमचं म्हणणं मान्य केलं असा याचा अर्थ काढू नका. त्याला बोलण्यावरून टोकायचं नाही, हसायचं नाही, कुणासमोर म्हणून दाखव म्हणायचं नाही. तो काय सांगतोय ते ऐका, कसं सांगतोय ते सोडा. त्याला झोपताना गोष्ट लागते. मधेच थांबलात तर पुढची तो सांगतो.

त्याला गाडीत बसवताना मी हसत होते हे त्याला सांगा, विचारलं तर.

सोनिया


वैजापूर,
६ जानेवारी २०२५

चि. सोनिया,
आशीर्वाद.

तुला आनंदाची बातमी द्यायला बसलोय. पोरगं सुधारलं.

पहिले दिवस तसंच चाललं होतं, आले न् गेले. मग गोकुळनं मनावर घेतलं. काही मागायला आला की नीट बोलल्याशिवाय द्यायचं नाय, असं घरात ठरलं. दूध असो, गूळ असो, की ट्रॅक्टरवर बसायचं असो. संस्कृतीला पण सांगितलं, तू त्याच्याशी खेळताना लक्ष ठेव. ती गोकुळची पोरगी, दहा वर्षांची आहे पण मास्तरणीसारखी. लेकरू रडलं थोडं. एकदा गोकुळनं जरा दटावलं. पण आता चार दिवसांत एकदाही त्याच्या तोंडून ‘आले’ नाय की ‘खाते’ नाय. एकदाही. काल मुद्दाम सांडूआप्पाला बोलावून त्याच्यासमोर बोलायला लावलं. काही वावगं बोलला नाय. सांडूआप्पा चहा पिऊन गेला, हसला नाय.

पोरगं शहाणं पण झालंय. पहिल्यासारखी वटवट नाय. जेवढ्यास तेवढं बोलतं, एका जागी बसतं. तू म्हणालीस आपोआप सुटेल तेव्हा सुटेल, इथं पंधरवडा पुरला. तेव्हा माझं ऐक. जूनमध्ये इथंच शाळेत घालू. भावकीला दाखवायला म्हणून नाय, त्याच्या भल्यासाठी म्हणतो.

तुझी सासू म्हणते, त्याला झोपेत बडबडायची सवय आहे का? पूर्वी नव्हती.

तात्यासाहेब


बजाजनगर,
१९ जानेवारी २०२५

तात्या,

तुमचं पत्र मिळालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकून वैजापूरला आले आणि सत्यमला घेऊन गेले. तुम्ही मार्केट यार्डात होतात. तुमची वाट न बघता गेले याचा तुम्हाला राग आला, हे गोकुळभाऊजींनी फोनवर सांगितलं. येऊ द्या. का नेलं ते सांगते.

मी ओट्यावर चढले तेव्हा तो झोपाळ्यावर बसला होता. मला बघून पळत आला नाही. उठून उभा राहिला, जसं पाहुणे आल्यावर उभं राहतात. म्हणाला, "आई, घरी जायचंय." एसटीत माझ्या मांडीवर डोकं ठेवून होता. पाणी हवं असलं की "मला पाणी." खिडकीतून रेल्वे दिसली तर बोटानं दाखवली. मला वाटलं, थकलाय.

घरी आल्यावर मी ऐकत राहिले. "मला भूक लागली." "जेवण झालं." "सत्यमला नको." "बाहेर जायचंय." सगळं शुद्ध. एकही चूक नाही. आणि एकही ‘मी’ नाही. आधी माझ्या ध्यानातच येईना की काय हरवलंय. मग कंपनीत लाइनवर उभी असताना एकदम लख्ख झालं. त्याची सगळी वाक्यं अशी आहेत की बोलणारा मुलगा आहे की मुलगी हे त्यातून कळतच नाही. ‘मी आलो’ की ‘मी आले’ हा प्रश्न जिथं येतो तिथून तो वळून दुसऱ्या वाटेनं जातो. ‘मी जाते’ला मार बसतो, ‘मी जातो’ म्हणावं तर खात्री नाही, मग ‘मला जायचंय’. चार वर्षांच्या लेकरानं सगळी भाषा धुंडाळून त्यातल्या लपायच्या जागा शोधून काढल्यात, तात्या. त्यालाच तुम्ही सुधारणं म्हणालात.

मी त्याला जवळ घेऊन विचारलं, ‘मी’ का म्हणत नाहीस. आधी दाराकडं बघितलं. मग म्हणाला, "मी म्हटलं की काका मारतो." काका मारतो. बघा, इथंही त्यानं व्याकरण सोडलं नाही.

‘दटावलं’ असं तुम्ही लिहिलंत. त्याच्या कानामागं डाग होता, तो मावळताना मी बघितला. रोज अंथरूण ओलं होतंय. दीड वर्षाचा असल्यापासून जो उठल्या उठल्या बोलायला लागायचा, तो आता आधी माझं तोंड बघतो आणि मग बोलतो.

आता माझं ऐका. सत्यम वैजापूरला येणार नाही. सुट्टीत नाही, सणाला नाही. भावकी बसवायची तर बसवा, मी येऊन हेच सांगेन. कोर्टात जायचं तर जा, मी तिथंही हेच सांगेन. शिफ्ट बदलून घेतलीय, पगार कमी झाला तर होऊ दे. सारजामावशी एका हातानं त्याला भरवतात आणि त्या हाताची त्याला भीती वाटत नाही. तुमच्या घराण्याचं नाव लावणारा मुलगा बोबडा, अशुद्ध, हसण्यासारखा बोलला तरी चालेल मला. मुका चालणार नाही.

सोनिया


वैजापूर,
२ मार्च २०२५

सोनिया,

तुझं पत्र घेऊन मी भावकीत जाणार होतो. सून सासऱ्याला काय लिहिते ते सगळ्यांना वाचून दाखवणार होतो. कपडे घातले होते. तुझ्या सासूनं, लक्ष्मीनं, कागद हातातून काढून घेतला. चाळीस वर्षांत तिनं माझ्या हातातून काही काढून घेतलं नव्हतं.

तिला वाचता येत नाय. तिनं संस्कृतीला बसवलं आणि पहिल्यापासून वाचून घेतलं. डागाचं आलं तिथं पोरगी थांबली आणि रडायला लागली. मग लक्ष्मीनं गोकुळला हाक मारली. काय बोलली ते मला नीट ऐकू आलं नाय, मी ओट्यावर होतो. गोकुळ दुसऱ्या दिवसापासून मळ्यातच जेवतो. ती त्याच्याशी बोलत नाय.

माझ्याशी बोलली. म्हणाली, सोमनाथ असंच बोलायचा. "मी जेवते, मी झोपते, असंच म्हणायचा. चुलीपाशी माझ्याजवळ असायचा तो. तुमी तांबडं फुटायच्या आत मळ्यात, अन् परत यायचे तवर तो झोपलेला. तुमच्या कानावर पडलंच नाय कधी."

मी म्हणालो, खोटं आहे. ती म्हणाली, बरं, खोटं.

मला आठवत नाय. ती माझी जिरवायला बोलत असंल. तशी ती खोटं बोलत नाय, पण आता रागात आहे. सोमनाथचा लहानपणीचा आवाज आठवायला बसतो तर मोठेपणीचाच येतो, मोटारसायकल चालू करून "तात्या, निघतो" म्हणणारा. त्याच्या आधीचं काही येत नाय.

मी माफी मागायला लिहीत नाय. तू ज्या भाषेत लिहिलंस तशी भाषा सुनेनं लिहू नये असं माझं मत अजून आहे. एकच विचारायचं आहे. पोरगं आता ‘मी’ म्हणतं का?

तात्यासाहेब


बजाजनगर,
१६ मार्च २०२५

तीर्थरूप तात्यांना नमस्कार.

म्हणतो. पण लवकर नाही म्हणाला.

फेब्रुवारीभर तसाच होता. मी काही केलं नाही. लोकांनी सुचवलं, गाणी लाव, खाऊ दे, चार पुरुषांत बसव. मी फक्त त्याच्याशी बोलत राहिले आणि तो जे बोलेल त्याला उत्तर देत राहिले. त्यानं ‘मला पाणी’ म्हटलं तर पाणी दिलं. वाक्य पुरं कर असं म्हटलं नाही. मनातून घाबरले होते, हे तुम्हाला लिहायला हरकत नाही. वाटायचं, गेलं ते गेलंच तर.

मग एक दिवस अंगणवाडीच्या मॅडमनी मला थांबवलं. तक्रार होती. एका मुलानं सत्यमच्या हातातला डबा ओढला. मॅडम म्हणाल्या, दे त्याला, मोठा आहेस ना. तर सत्यमनं डबा पोटाशी धरला आणि ओरडला, "मी देत नाही." मॅडमनी परत सांगितलं. परत तेच, "मी देत नाही. मी देणार नाही." मॅडम म्हणाल्या, हट्टी होत चाललाय, घरी समज द्या. मी म्हटलं, मॅडम, समज देणार नाही. आणि तिथंच फाटकाशी बसून मी रडले, त्यांना काही कळेना.

घरी येताना वाक्य मनात घोळवत होते. ‘मी देतो’ म्हणावं तर बोलणारा पुरुष, ‘मी देते’ म्हणावं तर बाई. पण ‘मी देत नाही’ दोघांचं सारखंच. ‘मी येत नाही’, ‘मी ऐकत नाही’, सगळं सारखं. नकार देताना आपली भाषा विचारत नाही, तू कोण म्हणून. मी तीस वर्षं मराठी बोलते, मला हे माहीत नव्हतं. त्याला सापडलं. भीतीतून बाहेर यायला त्याला तेवढंच दार उघडं होतं आणि तो त्या दारानं आला.

आता दिवसभर नकार चालू आहे. मी आंघोळ करत नाही, मी झोपत नाही, मी भात खात नाही. मावशी वैतागल्यात. मी नाही वैतागत.

सासूबाईंनी सोमनाथचं जे सांगितलं ते वाचून मी पत्र बाजूला ठेवलं आणि भिंतीवरचा फोटो काढून पुसला. त्यांनी मला हे कधी सांगितलं नव्हतं. सोमनाथला स्वतःला माहीत नसणार. तुम्हाला खोटं वाटत असेल तर वाटू द्या, मला खरं वाटतं.

माझ्या भाषेबद्दल: ती अशीच राहील. सत्यम तिकडं येणार नाही हेही तसंच आहे. पण इकडं यायला तुम्हाला कुणी अडवलेलं नाही.

सोनिया


वैजापूर,
२२ एप्रिल २०२५

चि. सोनिया,
आशीर्वाद.

परवा डोळ्याच्या डॉक्टरकडं संभाजीनगरला आलो होतो. मोतीबिंदू अजून पिकला नाय म्हणाले. तिथून रिक्षा करून तुझ्या घरी गेलो. तू कामावर असशील हे माहीत होतं. खरं सांगायचं तर म्हणूनच त्या वेळेला गेलो. सारजाबाईनं तुला सांगितलं असेल, पण बाई अर्धं आतबाहेर करत होती, म्हणून मी लिहितो.

पोरगं मला बघून तिच्या मागं गेलं. मी म्हणालो, सत्यम, चल, आजीकडं जाऊ. असंच तोंडातून निघालं, न्यायला आलो नव्हतो. त्यानं लुगड्याआडून डोकं काढलं.

"मी येत नाही."

मी म्हणालो, बरं. दुसरं काय म्हणणार? उंबऱ्यावर बसलो. सारजाबाईनं चहा दिला. ती बाई मला म्हणाली, "पाव्हणं, लेकरू हाय, मनातून काढून टाकल. तुमी काढा आधी." मी कपबशी खाली ठेवली.

तेवढ्यात तुमच्या गल्लीत पाण्याचा टँकर आला. बायका ड्रम घेऊन पळाल्या. सारजाबाईच्या हातात अजून जोर नाय, तेव्हा मी उठलो. माझी कंबर धरलेली असली तरी ड्रम सरकवता येतो. टँकरवाला, कारभारी का काय नाव त्याचं, नळी टाकून उभा होता. नळी ड्रममधून उसळून बाहेर पडायला लागली. कुठून तरी सत्यम पळत आला, दोन्ही हातांनी नळी आवळून धरली, नखशिखांत भिजला आणि ओरडला, "आजोबा, मी धरते, मी धरते, तुम्ही भरा."

कारभारी हसला. बायकांकडं बघून म्हणाला, "हे पोरगं हाय का पोरगी?"

मी आवाज चढवला नाय. मी म्हणालो, "हसायचं काय त्यात? माझा सोमनाथ लहानपणी असाच बोलायचा."

इतक्या लोकांत बोललो आणि बोलल्यावर मला कळलं की मी ते मानलंय. लक्ष्मी सांगत होती तेव्हा मानलं नव्हतं. तो माणूस म्हणाला, चुकलं बाबा, मी गमतीनं म्हणालो. मी म्हणालो, गंमत मला समजते, ती गमतीची गोष्ट नाय. पाणी सोड नीट. गल्लीतल्या बायका माझ्याकडं बघत होत्या. पोरगं पण बघत होतं. नळी सोडली नाय त्यानं.

ड्रम भरला. मी डोकं पुसून दिलं त्याचं, त्यानं पुसू दिलं. माझ्याशी फार बोलला नाय. निघताना मी आशेनं थांबलो होतो, पण खेळायला गेला होता.

मेमध्ये सांडूआप्पाच्या पोरीचं लग्न आहे. तू येणार नाय हे मला माहीत आहे. बोलावणं आलं की कळवायची रीत असते, म्हणून कळवतो. लक्ष्मीनं गोकुळला सांगितलंय, आधी त्या लेकराच्या घरी जाऊन उंबऱ्यावर बस, मग माझ्या हातचं जेव.

तात्यासाहेब


बजाजनगर,
२७ एप्रिल २०२५

तीर्थरूप तात्यांना सोनियाचा नमस्कार.

मावशींनी सांगितलं होतं, पण त्यांच्या सांगण्यात सगळा टँकरच होता. तुमचं बोलणं मला तुमच्या पत्रातून कळलं. आणि त्याच्या आधी, त्याच संध्याकाळी, सत्यमकडून. तो खेळायला गेला म्हणून तुम्ही हिरमुसले होऊन गेलात, तर तुमच्या मागं काय झालं ते ऐका.

मी दारात चप्पल काढायच्या आत त्यानं सुरुवात केली. अंघोळ, जेवण, काही होऊ दिलं नाही. "आई, आजोबा आले. आजोबांनी चहा घेलं. त्यांनी पाणी भरलं. टँकरवाला काका हसला. आजोबा त्याला बोलले. मी हसलो." मी विचारलं, तू का हसला? म्हणाला, "काका घाबरला ना. मग मी खूप हसलो." असं ‘लो’ म्हणाला तो, तात्या, कुणी न सांगता. मी तोंडावर काही दिसू दिलं नाही. मग लगेच अंग टाकून म्हणाला, "आता मी झोपते." दोन्ही. एकाच श्वासात. मी म्हटलं, झोप.

तेव्हा सुधारला असं कुणाला सांगत फिरू नका. उद्या परत ‘आले’ म्हणेल, परवा ‘आलो’. त्याचं त्याला ठरवू द्या. ‘घेलं’ अजून तसंच आहे, त्याची तुम्हाला काळजी नाही हे मला माहीत आहे.

गोकुळभाऊजी काल येऊन गेले. उंबऱ्याच्या आत आले नाहीत. सत्यम मावशींच्या मागं गेला आणि तिथून बाहेर आलाच नाही. भाऊजी बराच वेळ बसले, पाणी पिऊन गेले. मी त्यांना माफ केलेलं नाही. पण ते बसले, हे मी बघितलं, तेही लिहायला हवं.

मी लिहिलं होतं, सणाला नाही, सुट्टीत नाही. ते शब्द मी मागं घेत नाही. लग्नाला येऊ, कारण तुम्ही टँकरपाशी उभे राहिलात. आम्ही दोघं येऊ आणि त्याच दिवशी परत निघू. तो जसा बोलेल तसा बोलेल, सांडूआप्पांच्या मांडवात, सगळ्या भावकीसमोर. कुणी हसलं तर आम्ही ताटावरून उठू, आणि तेव्हा तुम्ही आमच्या बाजूनं उठता की बसून राहता ते मी बघेन.

त्याला न विचारता मी हे ठरवलं नाही. आज सकाळी माझी वेणी घालताना विचारलं, गावाला लग्न आहे, जायचं का? तिथं काका असेल. तो खिडकीत उभा होता. मग वळून म्हणाला,

"मी येते. मी काकाला भीत नाही."

सोनिया